परत आलेलं वचन

पाद्र्याचं काम नेमकं काय असतं, हा प्रश्न मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा रिक्षावाल्यांनी विचारला आहे. गारखेड्याला घराकडं परतताना हातातलं जाड पुस्तक बघतात आणि म्हणतात, "काका, रविवारचं समजलं. बाकीचे सहा दिवस काय करता?" मी सांगतो, "रविवारी काय बोलायचं याची काळजी करतो." ते हसतात. खरं उत्तर द्यायचं तर स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता पुरायचा नाही.

खरं उत्तर असं की बाप्तिस्मा, लग्न आणि माती हे तीन मोठे विधी सोडले, तर पाद्री म्हणजे गावाचा फुकटचा माणूस. शाळेत पोरगं घालायचं, दाखला लिही. भावाभावांचं वाजलं, मध्ये बस. एकदा दौलताबादचा एक पेरूवाला सकाळी दारात उभा राहिला. नवा टेम्पो घेतला होता आणि मागच्या फळीवर लिहायला शास्त्रातलं एखादं झकास वचन पाहिजे होतं. मी कागदावर लिहून दिलं, प्रभू मेंढपाळ आहे, मला कशाचं उणं पडणार नाही. पेंटरनं काय केलं, तर 'उणं'चं 'ऊन' केलं. दोन वर्षं तो टेम्पो 'मला ऊन पडणार नाही' असं लिहून भर उन्हाळ्यात शहरभर फिरला. मी बदलायला सांगितलं तर पेरूवाला म्हणाला, "राहू द्या पाद्रीसाहेब, उन्हाळ्यात हेच वचन कामाचं आहे."

आता वचन हा शब्द आला आहे तर तो समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, कुठल्याही ओळीला 'वचन' म्हणतो. 'आजचं वचन काय', 'वचन वाचा', 'वचन पाठ करा'. जन्मापासून ऐकत आलो, त्यामुळं आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र वचन म्हणजे दिलेला शब्द. वचन दिलं की पाळायचं असतं, आणि मोडलं तर देणाऱ्याला जाब द्यावा लागतो. हा फरक मला धर्मशिक्षणाच्या चार वर्षांत एकाही गुरुजींनी सांगितला नाही. तो मला एका धनगर बाईनं शिकवला.

त्याआधी आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगून टाकतो. दुःखाच्या घरी जाताना पाद्र्याच्या मनात वचनांची जोडणी तयार असते. म्हातारं माणूस गेलं तर हे, बाळंतपणात गेली तर ते, अपघात असला तर तिसरं. दारात चप्पल काढेपर्यंत निवड झालेली असते. लोकांना वाटतं, पाद्रीसाहेबांना त्या क्षणी सुचलं. कसलं सुचतंय. शहरात माझ्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, एक म्हातारे होते, निजामाच्या कचेरीत कारकून असलेले. पोलीस ॲक्शननंतर त्यांची नोकरी गेली ती गेलीच. त्यांची बायको वारली तेव्हा मी त्यांचा हात धरून म्हणालो, देवाची मर्जी. त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "मर्जी है तो है पादरीसाब, पन एक बार पूछ तो लेना था." मी हसण्यावारी नेलं. तेव्हाच शहाणा झालो असतो तर बरं झालं असतं.

कारण पुढं माझी बदली सोयगाव तालुक्यातल्या एका लहान गावी झाली. दहा-बारा ख्रिस्ती घरं, मातीच्या भिंतींचं देऊळ, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, आणि त्याला लागून चौथीपर्यंतची शाळा. माझी बायको, सुमन, त्याच शाळेत शिकवायची. मी जेमतेम तिशीचा होतो आणि मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती.

आमच्यात एक जानेवारीला एक रिवाज असतो. उपासना झाली की पाद्री एक डबा फिरवतो. त्यात चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक वचन. प्रत्येक घरानं एक उचलायची. जे निघेल ते त्या घराचं वर्षाचं वचन. लोक ते आरशाच्या कडेला खोचून ठेवतात, वर्षभर सांगत फिरतात, "यंदा आम्हाला हे आलं." शहरात छापील चिठ्ठ्या मिळायच्या. खेड्यात मी त्या स्वतः करायचो, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, जांभळ्या शाईनं. पट्टी दोन बोटं रुंद. तेवढ्यात अख्खं वचन मावत नाही, म्हणून मी जमेल तिथं कापत असे. आधीची अट कापायची, नंतरची ताकीद कापायची, मधला गोड गर ठेवायचा. आणि रडकी वचनं तर डब्यात घालायचीच नाहीत. आमच्या स्तोत्रांत जवळपास निम्मी रडगाणी आहेत, देवा, किती दिवस तोंड फिरवून बसणार, असं तोंडावर विचारणारी. पण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी असलं कोणाच्या हातात द्यायचं? कुणी सांगितलंय?

त्या हिवाळ्यात गावाच्या शिवारात एका धनगर कुटुंबानं मेंढ्या बसवल्या होत्या. शेतात रात्रभर मेंढ्या बसल्या की खत होतं, म्हणून आमचेच लोक त्यांना बोलावून घ्यायचे. भिवा, त्याची बायको कोंडाबाई आणि आठ-नऊ वर्षांची त्यांची एकुलती एक पोर, हिरा. हिरा नाताळच्या खाऊसाठी देवळात आली आणि येतच राहिली. गाणी पाठ करायची, पुढच्या ओळीत बसायची, मोठ्यानं आणि बेसूर म्हणायची. एक जानेवारीला ती आईला हाताला धरून घेऊन आली. डबा तिच्यासमोर आला तेव्हा मी क्षणभर थांबलो, कारण ही मंडळीतली नव्हेत. पण पोरीनं हात घातलासुद्धा.

तिच्या हाताला लागलेली चिठ्ठी आपल्या घराजवळ कोणतीही पीडा येणार नाही, या अर्थाची होती. मायलेकींना वाचता येत नव्हतं. मी वाचलं आणि कोंडाबाईंना समजेल असं करून सांगितलं, "बाई, तुमच्या बिऱ्हाडाला इडापिडा शिवणार नाही, असं वचन मिळालंय तुम्हाला."

"कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"देवानं."

"तुमी सांगता म्हंजे खरंच आसंल," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली. मला फार बरं वाटलं. सुमनला घरी येऊन सांगितलंसुद्धा की बघ, साध्या माणसांचा विश्वास कसा असतो.

एप्रिलमध्ये हिरा गेली. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. मेंढ्यांचा वाडा तेव्हा दोन कोसांवरच्या शिवारात होता आणि मी मंडळींच्या सभेसाठी औरंगाबादला गेलेलो होतो. परत आलो, भेटायला जायचं म्हणत होतो, तेवढ्यात दहाव्यानंतर एका दुपारी कोंडाबाईच आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, ती चिठ्ठी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"तुमचं वचन परत घ्या, सायब. मोडलंय."

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते असं. फेब्रुवारीत वाड्यावरचं कुत्र्याचं पिल्लू हिराच्या पोटरीला चावलं. घरचंच पिल्लू. चार दिवसांनी ते तोंडाला फेस येऊन मेलं. भिवा म्हणाला, हिला दवाखान्यात नेऊ, चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात. त्या काळी ती पोटात घ्यायची असत, रोज एक, आणि त्यासाठी शहरात जाऊन राहावं लागे.

"मालक बैलगाडी सांगून आले व्हते," कोंडाबाई म्हणाल्या. "मीच म्हणलं, नगं. लेकराच्या पोटात चौदा सुया कशाला? आपल्याला वचन हाय. तिच्याच हातानं निघालंय."

जखम भरली. पोर महिनाभर हसत खेळत होती. मग एक दिवस पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागली. शहरात नेली तर डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनाचा उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी संपलं.

हे सगळं सांगताना त्या रडल्या नाहीत. सांगून झालं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मला येवढंच सांगा. वचन मोडलं का नाय?"

आता मी काय केलं ते लिहितो. वर्षानुवर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी आत गेलो, शास्त्र आणलं, ते स्तोत्र काढलं आणि कोंडाबाईंना समजावून सांगितलं की या वचनाला आधी एक अट आहे. जो देवाला आपला आश्रय करतो, त्याच्यासाठी हे आहे. चिठ्ठीवर जागा नव्हती म्हणून ते राहिलं. वचन काही मोडत नसतं. माझं सांगणं पुस्तकाप्रमाणं बिनचूक होतं, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माजाच इस्वास कमी पडला."

मी म्हणालो, तसं नाही, बाई. पण मी सांगितलं होतं ते अगदी तसंच होतं. त्या मान खाली घालून गेल्या. चिठ्ठी ओट्यावरच राहिली.

सुमन दाराआडून ऐकत होती. ती तशी शांत बाई, मला उलटून बोलल्याचं आठवत नाही. त्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही देवाला सोडवलंत, स्वतः सुटलात, आणि सगळं त्या बाईच्या गळ्यात घातलंत."

मी चिडलो. म्हणालो, मग काय खोटं सांगू? ती म्हणाली, "खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे का?" आणि आत निघून गेली. जेवण तसंच वाढून ठेवलेलं होतं, दोघंही जेवलो नाही.

चौथ्या दिवशी भिवा आला. गडी उंचापुरा, पण पाय ओढत आला आणि दारातच बसला. म्हणाला, बाई अन्नाला शिवत नाही. कोणाशी बोलत नाही. बोलली तर एकच, मीच मारली. मेंढ्यांना या शिवारात चारा उरला नव्हता, बिऱ्हाड हलवायला हवं होतं, आणि ती जागची उठत नव्हती. "तुमी काय सांगितलं तिला, ते मी इचारत नाय," भिवा म्हणाला. "पर तिचं असंच चाललं तर मला दुसरं मढं उचलावं लागंल, सायब. काय तरी करा."

भिवा गेला आणि मी ते स्तोत्र पुन्हा काढून बसलो. आणि तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी मी शाळेत पोरांना शिकवत असे. रानात प्रभू येशूची परीक्षा घ्यायला सैतान आला, तेव्हा त्यानं शास्त्रातूनच दाखला दिला होता. देवळाच्या शिखरावरून उडी टाक, तुला काही होणार नाही, लिहिलेलंच आहे. कुठं लिहिलेलं आहे? याच स्तोत्रात, माझ्या चिठ्ठीच्या खालच्याच ओळीत. प्रभूनं उडी टाकली नाही. ही गोष्ट मला तोंडपाठ होती आणि तरी मी एका आईच्या हातात तेच वचन कापून दिलं होतं. अटीसकट वाचलं असतं तरी काय फरक पडणार होता? ज्यांनी देवाला आश्रय केला त्यांची पोरं मी स्वतः पुरली होती. माझ्या हातानं. ती सगळी विश्वासात कमी पडली होती का?

दुसऱ्या सकाळी मी वाड्यावर गेलो. पुस्तक नेलं नाही. कोंडाबाई बाभळीखाली घोंगडीवर बसल्या होत्या. हातात लोकरीची टकळी होती, पण फिरत नव्हती. मी समोर उभा राहिलो.

"बाई, तुम्ही विचारलं होतं, वचन मोडलं का. मोडलं. मी तुम्हाला जो शब्द दिला तो द्यायचा मला अधिकार नव्हता. तो कापलेला होता आणि त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता. तुमचा विश्वास कमी नव्हता. तुम्ही माझ्यावर ठेवलात, तिथं घात झाला."

"आन देव?" त्या म्हणाल्या.

"देवाचं मला सांगता येत नाही. मी त्यालाच विचारतोय."

"काय म्हणतोय?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. मालकांनी गाडी सांगितली होती, मी नगं म्हणलं, हे पुन्हा एकदा सांगितलं. मी म्हणालो, व्हय, आणि ते तुम्ही माझ्या शब्दावर केलंत. हे दोघांचं आहे. तेव्हा त्या घोंगडीवर एका अंगाला सरकल्या आणि म्हणाल्या, "बसा. उन्हात नका हुबं राहू."

मी बसलो. शास्त्रात एका सज्जन माणसाची गोष्ट आहे. त्याची लेकरंबाळं, गुरंढोरं, सगळं एका दिवसात गेलं. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि समजावून सांगायला लागले, तिथं सगळं बिघडलं. आम्ही पाद्री लोक थेट आठव्या दिवसापासून सुरुवात करतो. मी पहिले सात दिवस बसून बघायचं ठरवलं. रोज सकाळी सायकलनं जायचो, घोंगडीच्या कडेला बसायचो, दुपारी परत यायचो. गावात चर्चा झाली की पाद्रीसाहेब धनगराच्या वाड्यावर काय करतात. सुमन म्हणायची, काम करतात.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. पाचव्या दिवशी हिराबद्दल बोलायला लागल्या, गाणी कशी बेसूर म्हणायची ते सांगितलं, आणि सांगता सांगता पहिल्यांदा रडल्या. लई रडल्या. भिवा लांब मेंढ्यांमध्ये उभा होता, तिथंच खाली बसला. माझ्याकडं निवडक वचनांची अख्खी जोडणी होती आणि एकही बाहेर काढावंसं वाटलं नाही. मीही रडलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षी मी डबा भरताना अटी कापल्या नाहीत आणि चार-पाच रडकी वचनंही घातली. त्यांतलं एक आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींच्या घराला आलं, देवा, किती काळ मला विसरणार. त्यांनी माझी वरपर्यंत तक्रार केली. चौकशी झाली, मी कबूल केलं की चिठ्ठी माझ्याच हातची आहे, आणि वर्षभरात माझी तिथून बदली झाली. कोंडाबाईंचं बिऱ्हाड त्याआधीच गेलेलं होतं. पुढं त्यांची गाठ पडली नाही. त्या सावरल्या का, किती सावरल्या, मला माहीत नाही. त्यांच्या दुःखातून काही चांगलं निघालं असं मी म्हणणार नाही. मी थोडा कमी मूर्ख झालो, पण त्यासाठी एक पोर जाणं ही फार मोठी किंमत आहे. ती कोणी मागितली असेल यावर माझा विश्वास नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्यांचं बिऱ्हाड हलायच्या आदल्या दिवशी मी वाड्यावर गेलो तेव्हा त्यांची गाठोडी बांधून झाली होती. कोंडाबाईंनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या पुस्तकात समदी सुखाचीच बोलणी हायत का? माज्यासारखी कुणी बाई नाय त्यात?"

मी विचार केला आणि म्हणालो, आहे. सायकलवर परत गेलो, पुस्तक घेऊन आलो. नाताळच्या गोष्टीतच ती ओळ आहे आणि नाताळात ती कुठंही वाचत नाहीत. राजानं बाळ येशूला मारण्यासाठी बेथलेहेमातली सगळी तान्ही पोरं कापून काढली. येशू वाचला, बाकीची नाहीत. तिथं लिहिणाऱ्यानं जुन्या संदेष्ट्याच्या पुस्तकातली एक आई आणून बसवली आहे. ती लेकरांसाठी मोठ्यानं रडते आहे आणि कोणाकडूनही समजूत काढून घ्यायला तयार नाही, कारण तिची लेकरं नाहीत. मी वाचलं, मग त्यांच्या बोलीत सांगितलं. या वेळी काही कापलं नाही.

कोंडाबाईंनी टकळी खाली ठेवली. "समजूत काढून घेत नाय?"

"नाही."

"आन असं पुस्तकात लिवलंय? देवाच्या?"

"व्हय."

"मग फुडं?"

"इथं एवढंच आहे," मी म्हणालो. "पण हीच बाई जुन्या पुस्तकात आहे ना, तिथं पुढच्याच ओळीत देवानं तिला सांगितलंय की आता रडू नको, तुझी पोरं परत येतील. तेही याच पुस्तकात आहे. वाचू का?"

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकावर आपला हात ठेवला. खरखरीत, लोकरीच्या वासाचा हात.

"नगं," त्या म्हणाल्या. "आदी तिचं रडून हू द्या."